ताशी किती, माणशी किती?

फेब्रुवारी 2024मध्ये केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळावरच्या गर्दीबद्दल एक निवेदन काढले. त्यातला हिशेब प्रत्येक करदात्याने वाचावा असा होता. उतरायला जागा मिळत नाही म्हणून आकाशात घिरट्या घालणारे विमान तासाला सरासरी 2,000 किलो इंधन जाळते. 40 मिनिटांच्या घिरट्यांत 1.7 किलोलीटर इंधन, म्हणजे सुमारे 1.8 लाख रुपये जातात. तासभर घिरट्या घातल्या तर अडीच किलोलीटर आणि 2.6 लाख रुपये. यावर उपाय म्हणून मुंबईत गर्दीच्या वेळी तासाला होणारी 46 उड्डाणे-उतरणी 44वर आणली गेली आणि खासगी विमानांना मज्जाव असलेले तास दिवसाला चारवरून आठ करण्यात आले.

या निर्णयातून सरकारने एक मोठी गोष्ट मान्य केली. धावपट्टीवरचे एक-दोन मिनिट ही सार्वजनिक वस्तू आहे, ती मर्यादित आहे, आणि चार माणसांना घेऊन येणारे विमान तिच्यावर उतरते तेव्हा दीडशे-पावणेदोनशे माणसांचे विमान वर थांबलेले असू शकते. त्या थांबण्याचे इंधन खासगी विमानाच्या मालकाच्या वहीत कधीच लिहिले जात नाही. त्याच्या वहीत फक्त त्याच्या टाकीतले इंधन असते.

आता ही गर्दी खाडीपलीकडे आमच्या बाजूला येते आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025ला झाले आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची, अंतिम उद्दिष्ट नऊ कोटींचे. या आराखड्यात खासगी आणि कंपन्यांच्या विमानांसाठी स्वतंत्र सोय आहे. 75 बिझनेस जेट उभी राहतील एवढी जागा देण्याची योजना जाहीर झालेली आहे. मुंबईत अशी विमाने उभी करायला जागेची मारामार असल्यामुळे या क्षेत्रातले लोक नवी मुंबईकडे डोळे लावून बसले आहेत. विमानतळापासून कर्नाळ्याचा सुळका हवाई अंतराने बारा किलोमीटरच्या आसपास आहे. पनवेल, उलवे, शिरढोण, कर्नाळा हा सगळा पट्टा आता विमानतळाचा शेजारी झाला. शेजाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क असतो. तो विचारायची वेळ हीच आहे, कारण दर आणि नियम अजून मुरलेले नाहीत.

माझे म्हणणे असे आहे: बिझनेस जेटची तुलना ज्या मापाने होते ते मापच अपुरे आहे. ‘ताशी किती लीटर’ आणि ‘ताशी किती खर्च’ हे मालकाचे माप झाले. समाजाचे माप ‘एका माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायला एकूण किती’ हे असले पाहिजे. आणि त्या ‘एकूण’मध्ये रिकामी फेरी, धावपट्टीचा वेळ, उभे राहण्याची जागा आणि धूर हे सगळे आले पाहिजे.

आधी मालकाच्या मापाने पाहू, कारण तेही नीट समजले पाहिजे. बीचक्राफ्टचे किंग एअर बी-200 हे पंख्याचे, म्हणजे टर्बोप्रॉप विमान तासाला ढोबळमानाने 400 लीटर इंधन जाळते. भारतात राज्य सरकारांपासून भाड्याने विमाने देणाऱ्या कंपन्यांपर्यंत अनेकांनी ते वापरले आहे. दासोचे फाल्कन 2000 हे दोन इंजिनांचे जेट एकदा उंचीवर स्थिरावले की तासाला हजार लीटरच्या आसपास घेते. गल्फस्ट्रीम जी-650, जे न थांबता सुमारे 13,000 किलोमीटर जाऊ शकते, ते लांबच्या प्रवासात तासाला सरासरी 1,800 लीटर घेते. एवढी उतरंड पाहून खरेदीदार म्हणतो की मोठे विमान साडेचार पट इंधन खाते, पण दीडपटीहून अधिक वेगाने जाते आणि बऱ्याच जास्त उंचीवरून, ढगांच्या वरून जाते. त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट नसतो.

पण ताशी सरासरी हा आकडा एक गोष्ट झाकतो. जेट इंजिन सर्वांत जास्त इंधन चढताना घेते. चाळीस-पंचेचाळीस हजार फुटांवर पातळ हवेत पोहोचल्यावर ते काटकसरी होते. म्हणून मोठ्या जेटचा पहिला तास पुढच्या प्रत्येक तासापेक्षा महाग पडतो. मुंबई-लंडनला हा पहिला तास नऊ-दहा तासांत विरून जातो. मुंबई-नागपूरला मात्र जवळजवळ पहिला तास म्हणजेच सगळा प्रवास असतो. मुंबई-पुण्याला तर विमान आपल्या सोयीच्या उंचीवर पोहोचतही नाही, त्याआधी उतरू लागते.

दुसरी गोष्ट वजनाची. विमान उडण्यापूर्वी वैमानिक इंधनाचा जो तक्ता तयार करतो त्यात प्रवासाचे इंधन ही फक्त एक ओळ असते. तिच्याखाली अनपेक्षित गोष्टींसाठी राखीव, मग ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि सगळ्यात शेवटी जेटसाठी आणखी तीस मिनिटे हवेत राहण्याइतके, ज्याला हात लावायची वेळ येणे म्हणजे आणीबाणी. हे सगळे वजन वाहून न्यायलाही इंधन लागते. जास्तीचे भरलेले इंधन केवळ वाहून नेण्यातच तासाला साधारण तीन ते चार टक्के खर्ची पडते. लांब पल्ल्यासाठी बनवलेले विमान रिकामे असतानाच जड असते, कारण त्याचे पंख, टाक्या आणि चाके वीस टन इंधन पेलण्यासाठी घडवलेली असतात. जी-650चे सामानसुमानासह रिकामे वजन 24 टनांच्या वर. त्यात नागपूरपुरते आणि राखीव इंधन धरले तर उड्डाणाच्या वेळी ते तीस टनांच्या घरात जाते. आत बसलेली चार माणसे आणि त्यांच्या बॅगा मिळून होतात चारशे किलो. म्हणजे जे नेण्यासाठी हा सारा खटाटोप, ते एकूण वजनाच्या दीड टक्क्याहून कमी. एअरबस ए-320 पूर्ण भरून उडते तेव्हा त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक माणसे आणि त्यांचे सामान असते. इंधनाच्या सगळ्या तुलनेचे मर्म या दोन आकड्यांत आहे.

आता मुंबई-नागपूर हाच मार्ग घेऊन समाजाच्या मापाने मोजू. हवाई अंतर सुमारे 690 किलोमीटर. आकडे ढोबळ आहेत, वारा आणि वजनाप्रमाणे मागेपुढे होतील, पण प्रमाण बदलणार नाही. किंग एअरला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागेल आणि साडेसहाशे लीटरच्या आसपास इंधन. फाल्कन 2000 सव्वा तासात पोहोचेल, दीड हजार लीटरच्या आसपास घेऊन. जी-650 तेवढ्याच वेळात अडीच हजार लीटरच्या वर जाईल. प्रत्येकात चार माणसे धरली तर माणशी अनुक्रमे 160, पावणेचारशे आणि सहाशेहून अधिक लीटर. तेच अंतर कापणाऱ्या ए-320मध्ये दीडशे प्रवासी असतील तर माणशी 20 ते 25 लीटर. आणि नागपूर ते आमणे हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावरून लीटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीने चौघे गेले तर सगळ्यांचे मिळून पन्नास लीटरदेखील लागत नाहीत.

किंग एअर आणि मोठे जेट यांच्यात या मार्गावर वाचतात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. त्यासाठी माणशी साडेचारशे लीटर जादा जळतात. मंत्रालयाच्या त्याच निवेदनातला भाव धरला, म्हणजे लीटरला शंभर रुपयांच्या थोडा वर, तर एका माणसाची वीस मिनिटे वाचवायला पंचेचाळीस हजारांहून अधिक रुपयांचे नुसते इंधन लागले. मालकाला ते परवडत असेल. प्रश्न त्याच्या ऐपतीचा नाही.

यात रिकामी फेरी अजून धरलेलीच नाही. भाड्याने घेतलेले विमान नागपूरला माणसे सोडून बहुधा रिकामे परत येते किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला आणायला रिकामे तिसरीकडे जाते. मुंबईत उभे राहायला जागा नसली की माणसे उतरवून विमान अहमदाबादला किंवा दुसऱ्या एखाद्या शहरात जाऊन मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला परत रिकामे येते. या फेऱ्यांचे इंधन धरले की माणशी आकडा सहज दुप्पट होतो. नवी मुंबईत 75 विमानांची सोय झाली तर यातल्या बऱ्याच रिकाम्या फेऱ्या टळतील. हा या विमानतळाचा खरा फायदा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पण तो फायदा आपोआप मिळणार नाही. जागा वाढली की विमानेही वाढतात. रिकाम्या फेऱ्या खरोखर कमी झाल्या की नाही, हे त्या मोजल्याशिवाय कळायचे नाही.

आता खर्चाची दुसरी बाजू. बिझनेस जेटच्या खर्चात इंधन हा दिसणारा भाग आहे, पण पुष्कळदा तो सर्वांत मोठा नसतो. दोन किंवा अधिक वैमानिकांचे पगार, ठरावीक काळाने सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण, विमा, हँगर, देखभालीचे कॅलेंडर, नकाशे आणि सॉफ्टवेअरची वर्गणी हे सगळे विमान उडो वा न उडो, चालूच असते. दावणीचा बैल शेतात गेला नाही तरी वैरण खातोच. त्यावर उड्डाणागणिक इंजिनाच्या देखभालीचा ताशी हप्ता, उतरणावळ, मार्गदर्शन सेवेचे शुल्क आणि जमिनीवरच्या सेवेचे पैसे येतात. समजा, एखाद्या विमानाचा वर्षाचा स्थिर खर्च दहा कोटी रुपये आहे. ते वर्षाला दोनशे तास उडाले तर तासाला पाच लाख रुपये नुसते स्थिर खर्चाचे. चारशे तास उडाले तर तेच अडीच लाख. हिशेबनीस म्हणतो, जास्त उडवा म्हणजे तास स्वस्त पडेल. मालकाच्या वहीत ही काटकसर दिसते. हवेत मात्र दुप्पट इंधन जळते. ज्या मापाने अधिक उधळपट्टी ही बचत म्हणून दिसते, त्या मापावर धोरण उभे करता येत नाही.

यातूनच एक परिणाम निघतो. भारतातल्या प्रवासी विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा इतका मोठा असतो की एक-दोन टक्के वाचवायला त्या पंखांची टोके वाकवतात, जमिनीवर एकच इंजिन चालू ठेवतात, ट्रॉल्यांचे वजन कमी करतात. इंधनाचा भाव त्यांना शिस्त लावतो. खासगी विमानाच्या मालकाला हा भाव तितकीशी शिस्त लावू शकत नाही, कारण त्याने आधीच स्थिर खर्चापोटी एवढे मोजलेले असते की इंधनाची वाढ त्यात बुडून जाते. म्हणून ‘इंधन महाग झाले की ते आपोआप जपून वापरतील’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. शिस्त लावायची तर ती जागेच्या आणि धावपट्टीच्या किमतीतून लावावी लागेल.

न उडणाऱ्या विमानाची किंमत काय असते, हे मुंबईने एकदा जवळून पाहिले आहे. विजय मल्ल्यांचे एअरबस ए-319 हे खासगी विमान सेवा कर विभागाने थकबाकीपोटी डिसेंबर 2013मध्ये जप्त केले. ते मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षे उभे होते. लिलाव पुन्हा पुन्हा फसले. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने उच्च न्यायालयात जाऊन जागा अडल्याची तक्रार केली. अखेर 2018मध्ये ते सुमारे 35 कोटी रुपयांना विकले गेले. जागेची एवढी टंचाई असलेल्या विमानतळावर एक विमान साडेचार वर्षे जागा खात राहिले. तिथे दिवसाला किती प्रवासी विमाने उभी राहू शकली असती, याचा हिशेब कुणाच्याच नावे लागला नाही. जागेला किंमत असते, ती फक्त कुणीतरी मोजावी लागते.

धावपट्टीचेही तसेच. उतरणावळ साधारणपणे विमानाच्या वजनावर ठरते. जड विमानामुळे धावपट्टीची झीज जास्त होते, त्यामुळे जुन्या काळी हे योग्यच होते. पण गर्दीच्या विमानतळावर झीज ही टंचाईची वस्तू नाही, वेळ आहे. दहा टनांचे जेट आणि सत्तर टनांचे प्रवासी विमान धावपट्टीवर साधारण सारखाच वेळ घेतात. उलट जड विमानामागून हलके विमान उतरवायचे असेल तर पुढच्याने मागे सोडलेल्या भोवऱ्यापासून ते वाचावे म्हणून मधले अंतर वाढवावे लागते, म्हणजे हलके विमान कधीकधी जास्तच वेळ अडवते. मुंबईने 11 नोव्हेंबर 2023ला एका दिवसात 1,032 विमानांची ये-जा हाताळली. एका वेळी एकच धावपट्टी वापरात असते तिथे हा पराक्रम सेकंदासेकंदाच्या नियोजनातून होतो. अशा ठिकाणी वजनावर दर लावणे म्हणजे कमी माणसे नेणाऱ्याला टंचाईची वस्तू स्वस्त देणे.

नवी मुंबईत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती या भागातल्या माणसाला विसरता येत नाही. हा विमानतळ सुमारे 1,160 हेक्टरांवर उभा आहे. त्यासाठी दहा गावे उठली. उलव्याची टेकडी छाटली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खारफुटी गेली, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरांचा धंदा बदलला. विस्थापितांना 22.5 टक्के विकसित जमिनीचे पॅकेज मिळाले, तेही सहजासहजी नाही. जमीन संपादनाविरुद्धच्या जासईच्या 1984च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांनी या भागाला आपला हक्क मागायला शिकवले आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. पुढच्या साऱ्या मागण्या त्याच पायावर उभ्या आहेत. ही जमीन ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांवर घेतली गेली. दोन कोटी प्रवाशांसाठी विमानतळ हे सार्वजनिक प्रयोजन आहे, यात वाद नाही. पण त्याच जमिनीचा एक तुकडा पंचाहत्तर खासगी विमानांच्या मुक्कामासाठी दिला जात असेल, तर त्या तुकड्याचे भाडे सार्वजनिक भावाने नव्हे, पुऱ्या बाजारभावाने आले पाहिजे, आणि त्यातला ठरलेला वाटा या गावांच्या शाळा, दवाखाने आणि पाण्यावर खर्च झाला पाहिजे. हे दान नाही, हा हिशेब आहे.

आणि मग कर्नाळा. 1968 साली हे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. आज त्याचा विस्तार सुमारे बारा चौरस किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. गडाच्या वाटेवर पहिली चढण संपेपर्यंत ट्रकचे हॉर्न पाठ सोडत नाहीत. मग झाडी दाटते आणि पावसाळ्याच्या तोंडावर शीळकरी कस्तुराची लांब शीळ ऐकू येते, हिवाळ्यात स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी पानांतून सळसळत जाते. एवढ्या छोट्या रानाने एका महामार्गाचा आवाज पचवला आहे. त्याला आणखी किती पचवायला लावायचे, याचा विचार आधी व्हायला हवा. युरोपातल्या विमानतळांलगतच्या पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासात ते पहाटेचे गाणे विमानांच्या आधी उरकायला लागल्याचे दिसले आहे. कर्नाळा धावपट्टीला लागून नाही, बारा किलोमीटर दूर आहे, म्हणून भीतीचा बाऊ करायचे कारण नाही. पण गर्दीच्या तासांत खासगी विमानांना मनाई केली की ती कुठे सरकतात? दुपारी, उशिरा रात्री आणि भल्या पहाटे. म्हणजे ज्या तासांत पनवेलची माणसे झोपतात आणि कर्नाळ्याचे पक्षी गातात, ते तास. मुंबईला जे नको ते आमच्या रात्रीत यायला नको, एवढे म्हणण्याचा अधिकार या भागाला आहे.

पक्ष्यांचा आणि विमानांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कत्तल करायला आणि कचरा टाकायला भारतीय विमान नियमांनी बंदी आहे, कारण कचऱ्यावर घारी येतात आणि घार इंजिनात गेली तर पाते तुटते. पनवेल आणि उलव्याच्या कचऱ्याची नीट व्यवस्था झाली तर ती पक्ष्यांच्याही हिताची आहे आणि प्रवाशांच्याही. उरण-पनवेलच्या पाणथळ जागा राखणे हीही विमान सुरक्षेचीच बाब आहे, कारण हक्काची पाणथळ जागा गमावलेले थवे नव्या जागा शोधत फिरतात. विमानतळाच्या खर्चात ही व्यवस्था धरली नाही तर तिचा भुर्दंड नंतर इंजिनाच्या दुरुस्तीत दिसतो.

करांच्या बाबतीत दिशा मिश्र आहे. सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी 40 टक्के झाला. पण वैयक्तिक नसलेल्या वापराच्या विमानावर तो 5 टक्के आहे. एवढी दरी ठेवली की विमान भाड्याच्या परवान्याखाली आणण्याचा मोह होणारच; म्हणून वापर खरोखर कोणता, हे उड्डाणांच्या नोंदीवरून पडताळले पाहिजे. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने 2023-24च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 टक्क्यांवरून 18वर आणला. सवलत मागताना कारण सांगितले जाते सामान्य प्रवाशाच्या तिकिटाचे आणि शहराच्या स्पर्धेचे. ते कारण खरे असेल, तर खासगी विमानांना भरलेले इंधन वेगळे मोजून त्यावर जुना दर ठेवायला हरकत नसावी.

जागतिक नियमांवर भिस्त ठेवून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बनची भरपाई करण्यासाठी असलेली कोर्सिया ही व्यवस्था वर्षाला 10,000 टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांना लागूच होत नाही. एक लीटर इंधनातून अडीच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एकट्या जी-650ला ही मर्यादा ओलांडायला वर्षाला 2,200 तास आंतरराष्ट्रीय उडावे लागेल, जे कुठलेच खासगी विमान उडत नाही. स्टेफान ग्योसलिंग आणि सहकाऱ्यांनी 2024मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातल्या खासगी विमानांचे उत्सर्जन 2019 ते 2023 या काळात 46 टक्क्यांनी वाढून वर्षाला किमान 1.56 कोटी टनांवर गेल्याचे आढळले. जवळपास निम्मी उड्डाणे पाचशे किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती. फ्रान्सने 2023मध्ये जिथे अडीच तासांत रेल्वेने जाता येते तिथली प्रवासी विमाने बंद केली, पण खासगी विमानांना तो नियम लावला नाही. जिथे माणशी इंधन सर्वांत जास्त, तिथेच सूट सर्वांत मोठी, असे हे चित्र आहे.

जैवइंधन हा उपाय म्हणून सांगितला जातो. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानातून तयार झालेले इंधन मिसळून मे 2023मध्ये पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027पासून एक टक्का, 2028ला दोन आणि 2030ला पाच टक्के मिश्रणाचे देशाचे उद्दिष्ट आहे. पण उसाच्या मळीपासून होणाऱ्या इंधनामागे आमच्याच धरणांचे पाणी असते. जे इंधन इतक्या कष्टाने आणि इतके थोडे मिळणार आहे, ते माणशी वीस लीटरवाल्याला आधी मिळावे की सहाशे लीटरवाल्याला, याचे उत्तर अवघड नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही. उद्योगपतीचा वेळ म्हणजे निर्णय, आणि निर्णयांवर रोजगार अवलंबून असतो. आजारी माणसाला किंवा प्रत्यारोपणाच्या अवयवाला वेळेत नेणारी विमाने याच ताफ्यातली असतात. जिथे नियमित सेवा नाही अशा गावांना छोटे विमानच जोडते. आणि नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि रिलायन्स यांच्या कारखान्यात फाल्कन 2000 पूर्णपणे जोडण्याची घोषणा जून 2025मध्ये झाली आहे. 2028पर्यंत पहिले विमान बाहेर पडायचे आहे. विदर्भातल्या तंत्रज्ञांच्या हातून जागतिक दर्जाचे जेट तयार होणे मलाही हवे आहे. पण यातला एकही मुद्दा माझ्या मागणीच्या आड येत नाही. रुग्णविमानाला सर्व शुल्क माफ करा, आनंदाने. नियमित सेवा नसलेल्या गावी जाणाऱ्याला सवलत द्या. ज्याचा वेळ खरोखर मोलाचा आहे, तो त्या वेळाचे पूर्ण मोल मोजून जाईल. वेळेचे मोल सांगायचे आणि धावपट्टीच्या वेळेचे मोल द्यायचे नाही, हे दोन्ही एकत्र बसत नाही. नागपूरला विमान बनवणे आणि मुंबई-नागपूरला गरजेपेक्षा मोठे विमान उडवणे यांचा एकमेकांशी संबंध नाही.

म्हणून मागण्या चार. पहिली, नवी मुंबईत खासगी विमानांची उतरणावळ वजनावर नव्हे तर अडवलेल्या वेळेवर ठरवावी, आणि मुक्कामाचे भाडे दिवसागणिक चढते असावे. दुसरी, प्रत्येक उड्डाणात किती माणसे होती आणि फेरी रिकामी होती का, याची एकत्रित आकडेवारी महिन्याच्या महिन्याला जाहीर व्हावी. व्यक्तींची नावे नकोत, आकडे हवेत. तिसरी, रात्री उशिरा आणि पहाटेच्या तासांत रुग्णसेवा आणि आपत्ती सोडून इतर खासगी विमानांना मनाई असावी. चौथी आणि सर्वांत सोपी, सरकारने स्वतःपासून सुरुवात करावी. मंत्री आणि अधिकारी ज्या विमानांनी, हेलिकॉप्टरांनी फिरतात त्यांचा माणशी इंधन आणि माणशी खर्च जाहीर करावा, आणि राज्याच्या आतल्या प्रवासाला टर्बोप्रॉप पुरत असताना जेट वापरले तर त्याचे कारण कागदावर लिहावे. सरकारने हे केले तर कंपन्यांकडे तेच मागण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळेल.

विमान कुणी घ्यावे, कोणते घ्यावे, हे ठरवणे माझे काम नाही. पण विमान उडते ते सगळ्यांच्या हवेतून, उतरते ते दहा गावांच्या जमिनीवर, आणि त्याच्या प्रत्येक मिनिटामागे कुणीतरी थांबलेले असते. ही तिन्ही देणी मोजता येतात, हे वरच्या आकड्यांनी दाखवले. जे मोजता येते ते वसूलही करता येते. सिडको, राज्य सरकार आणि विमानतळ चालवणारी कंपनी यांनी दराचे पहिले कोष्टक असे बनवावे, की पुढच्या तीस वर्षांत पनवेलच्या कुणालाही आपल्या खर्चाने दुसऱ्याची वीस मिनिटे वाचली असे म्हणावे लागू नये.